हिरवं दिसलं का?

गेल्या डिसेंबरात आई-आण्णांना घेऊन ट्रॉम्सोला गेलो. नॉर्वेत, आर्क्टिक वृत्ताच्याही वर. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. दुपारी जरा फटफटल्यासारखं होतं, बस. भूम तालुक्यात उन्हाला शिव्या देत आयुष्य काढलेल्या माणसांना मी हौसेनं अंधारात नेलं. खिशातले कुंथलगिरीचे पेढे सुपारीसारखे टणक झाले होते.

तिसऱ्या रात्री शहराबाहेर, बर्फात उभं असताना ते दिसलं. मी फोन वर धरला, तीन सेकंद स्थिर. स्क्रीनवर हिरवागार पडदा. आण्णा मात्र आभाळाकडेच बघत होते.

"मला तर चुलीच्या धुरावानी दिसायलंय."

आई लगेच म्हणाली, "मला दिसलं की हिरवं. लई भारी!" हे तिनं माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं.

मी आण्णांना समजवायला लागलो. शंभरेक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू खरोखरच हिरवा प्रकाश सोडतात. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, कॅमेरा तो प्रकाश साठवून घेतो. म्हणजे फोन खोटं बोलत नाही, डोळा कमी पडतो.

"असंल. पण मी गावात काय सांगू? मी बघितलं ते, का फोननं बघितलं ते?"

मला उत्तर सुचलं नाही. या ट्रिपच्या पैशांत शेतात बोअर आणि ठिबक दोन्ही झालं असतं, हे तिघांनाही माहीत होतं. कुणी बोललं नव्हतं, इतकंच. त्यामुळे ते हिरवं मला हवंच होतं.

टिळकांनी 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हे पुस्तक १९०३ साली काढलं, तिकडे कधीही न जाता. वेदांतल्या लांबलचक उषेच्या वर्णनांवरून त्यांनी अनुमान बांधलं. ते पुढे टिकलं नाही, पण त्यांनी ते अनुमान म्हणूनच मांडलं होतं. आपला फोटो मात्र 'मी पाहिलं' अशा थाटात फिरतो. त्यातला रंग खरा असतो, 'मी' तेवढा संशयास्पद.

आईच्या बोलण्याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिनं माझा खर्च वसूल करून दिला. पण फोन खिशात घालून मी वर बघितलं ते आण्णांमुळे. राखाडी पट्टा होता, हळूहळू सरकणारा. खरंच, धुरासारखा.

फोटो अजून फॅमिली ग्रुपवर टाकलेला नाही. आई रोज फोनवर विचारते, कधी टाकणार म्हणून.