न दुखणारा पाय

बसा. खुर्चीवर बसलात तरी चालेल, फक्त चपला काढा आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकू द्या. आधी उजव्या टाचेकडे लक्ष न्या, मग डाव्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त बोलत असेल. आठ तास उभ्याने काम करणाऱ्याचा तर बोलतोच. त्याला उत्तर द्यायची घाई नको. ऐकून घ्या आणि तसेच बसून राहा.

आज बसल्या जागी आपल्याला लांब जायचं आहे. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, त्यापुढचं कुठलंही अंतर म्हणजे अल्ट्रा. आपण 50 धरू, चढ-उताराचं. आणि एकट्याने जायचं नाही. एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. त्यांना नावं मी देत नाही. तुम्ही द्या, नाहीतर तुमचीच राहू द्या. समजा, तो चाकणच्या एखाद्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे आणि ती चिंचवडच्या शाळेत शिकवते. आपल्या पट्ट्यातल्या रिवाजाप्रमाणे त्याची सुट्टी गुरुवारी, तिची रविवारी. त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. थर्ड शिफ्ट करून तो सकाळी घरात शिरतो तेव्हा ती पर्स खांद्याला लावून किल्ली शोधत असते. भेट दारातच. "दूध तापवलंय. कुकर उतरव आठवणीने." तेवढंच बोलणं.

या दोघांनी सराव कसा केला असेल, तिथे जरा रेंगाळा. त्याने गुरुवारी पहाटे, भक्ती-शक्ती चौकातून निघून, एकट्याने. तिने रविवारी दुर्गा टेकडीवर, फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना वळसे घालत, एकटीने. एकाच घरातली दोन माणसं सहा महिने एकाच गोष्टीची तयारी करताहेत आणि दोघांचे बूट दारात वेगवेगळ्या दिवशी ओले होताहेत. मला तर वाटतं, स्पर्धेचा दिवस त्यामानाने सोपा. त्या दिवशी निदान दोघांची वेळ एक असते. त्यासाठी त्याला रविवारची रजा टाकावी लागली, ती मिळवायला सुपरवायझरच्या मागे महिनाभर फिरावं लागलं, ते सोडून देऊ.

श्वास आहे तसाच चालू द्या. आता आपण थेट चौतिसाव्या किलोमीटरला जाऊ. आधीचे तेहेतीस गेले. बरे गेले.

उतार सुरू झाला आहे. तिच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला काहीतरी घासतंय. तुमचं बोट तिथे ठेवा, वाटीच्या बाजूला, किंचित वर. मांडीच्या बाहेरून एक चिवट पट्टा खाली येतो आणि गुडघ्याच्या जरा खाली पायाच्या हाडाला जुळतो. पळणाऱ्यांमध्ये त्याचं दुखणं नेहमीचं. चढावर ते बहुधा गप्प असतं, उतारावर तोंड उघडतं. एका सरावाच्या वेळी ते डोकावून गेलं होतं. तिने सांगितलं नव्हतं. सांगायला तो समोर नव्हता, आणि समोर आला तेव्हा कुकरचा विषय होता.

त्या दुखण्याजवळ बसू. ते हाकलायचं नाही, गोंजारायचंही नाही. फक्त मापायचं. ज्यांनी कारखान्यात प्लग गेज हाताळलाय त्यांना ठाऊक आहे, एका टोकाला 'गो', दुसऱ्या टोकाला 'नो-गो'. गो भोकात गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. दुखण्याला इतकं काटेकोर गेज नाही, पण थोडंफार लावता येतं. चालीबरोबर येणारं, वेग कमी केला की ओसरणारं, पसरट दुखणं, ज्यात लंगडावं लागत नाही, ते गोच्या बाजूचं. हाडावर एका बोटाने दाखवता येणारं, बसल्यावर किंवा रात्री झोपेतही ठणकणारं, पाऊल टाकायची तऱ्हाच बदलून टाकणारं, ते नो-गो. तिथे हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची आणि नंबराचं बिब उतरवून ठेवायचं. गोळी घेऊन गेज फसवण्यात अर्थ नाही. लांब पळताना अंगातलं पाणी आटलेलं असतं, मूत्रपिंडं आधीच ओढाताणीत असतात. इबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं अशा वेळी त्यांनाच इजा करू शकतात.

हे मुद्दाम सांगतोय, कारण दुखापत असूनही शर्यत पुरी केल्याच्या कथा आपल्याला फार आवडतात. किलियन जोर्नेट याने 2017 साली अमेरिकेतली हार्डरॉक ही 100 मैलांची शर्यत वाटेत खांदा निखळूनही जिंकली. हात झोळीत बांधून उरलेलं सगळं अंतर पळला. थक्क करणारं आहेच. पण खांद्यावर अंगाचं वजन पडत नाही.

तिचं दुखणं, मापून पाहिलं तर, गोच्या बाजूचं आहे. चालता येतंय. पळता येत नाही. अंतर 16 किलोमीटर उरलंय आणि शर्यतीची मुदत संपायला वेळ मोजका.

आता तिला त्या उतारावर राहू द्या. तिथून हळूच निघा आणि त्याच्या अंगात शिरा.

याचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत. इथे थांबा, मला आज तुम्हाला इथेच आणायचं होतं. दुखणाऱ्या पायाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्याला स्प्रे मिळतो, पट्टी मिळते, स्वयंसेवकांची विचारपूस मिळते. न दुखणाऱ्या पायाकडे कोण पाहतं? त्याला पळता येतंय आणि तो चालतोय. सहा महिन्यांचे गुरुवार त्या पोटऱ्यांत साठलेत. स्वतःच्या चालीपेक्षा सावकाश चालणं ही साधी गोष्ट नाही, करून पाहा. पावलं आखूड टाकावी लागतात, घाम अंगावर गार होतो, पाय आखडतात. मागून लोक पुढे जातात. ज्याला त्याने दहाव्या किलोमीटरला मागे टाकलं होतं तो पन्नाशीचा गृहस्थ "चला, चला" म्हणत निघून जातो. मनात हिशेब चालू आहे. या चालीने आठ मिनिटं हातात. पुढच्या चढावर ती मिनिटं गेली तर?

तो विचारतो, "दुखतंय का?"

ती म्हणते, "नाही, ठीक आहे."

या दोन वाक्यांवर मनन करायला एक संध्याकाळ पुरायची नाही. दर दोनशे मीटरला विचारलेला हा प्रश्न तिच्यासाठी नसतो. तो त्याच्या जिवाची तगमग तिच्या हातात देतो आणि ती बिचारी दुखऱ्या पायासह तीही उचलते. 'ठीक आहे' हे उत्तर खोटं आहे, हे दोघांना माहीत आहे. संसारात अशी उत्तरं चलनात असतात, दहाच्या जीर्ण नोटेसारखी. तुम्ही शेवटची कधी दिलीत? आठवा. कोणाला दिलीत, तेही. लगेच पुढे वाचू नका.

आता त्याला विचारणं बंद करू द्या. तो तिच्या उजव्या बाजूला येतो, उताराच्या अंगाला. काही बोलत नाही. तिच्या पावलात पाऊल पडायला लागतं.

इथून देहूकडे वळू.

आपल्या कारखान्यांच्या भोवती तीन डोंगर आहेत: भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर. तिन्हींवर तुकोबा चिंतनाला जात, असं परंपरा सांगते. भंडाऱ्याजवळून आज तळेगाव-चाकण रस्त्यावरचे कंटेनर जातात, भामचंद्राच्या परिसरात एमआयडीसी आली. मनन हा शब्द या पट्ट्याला नवा नाही, एवढंच म्हणायचंय. डोंगरावर एकांतात बसलेले तुकोबा आपल्याला चित्रात हमखास दिसतात. पण त्या चित्रात डोंगराच्या उतारावर आणखी एक माणूस आहे. आवली. जिजाई. नवरा घरी येत नाही म्हणून भाकरी घेऊन डोंगर चढणारी. तिला कजाग ठरवून लोक मोकळे झाले. घरात पोरं आणि नवरा डोंगरावर असताना गोड बोलणं कोणाला जमलं असतं कोण जाणे. एके दिवशी चढताना तिच्या पायात काटा रुतला. खोल. कथेत विठ्ठल स्वतः येतो आणि काटा काढतो.

तुम्ही त्या उतारावर उभे राहा. ऊन. दगड तापलेले. विठ्ठल नंतर येईल. मला नेहमी एकच प्रश्न पडतो: त्या वेळी भाकरी कुठे ठेवली असेल? पायातला काटा काढायचा तर हात मोकळे लागतात. धुळीत ठेवली, की मांडीवर धरून बसली?

वर डोंगरावर बसलेल्याचा पाय दुखत नव्हता. चढणारीचा दुखत होता. हा ठपका नाही. तुकोबांवर ठपका ठेवणारा मी कोण. फक्त तुमच्या घरात, या वर्षी, डोंगरावर कोण बसलंय आणि कोण चढतंय, ते पाहा. गेल्या वर्षी उलटं असेल. तेही पाहा. शिफ्ट फिरते.

याच देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी निघते. पहिला मुक्काम देहूतच इनामदारवाड्यात, दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. दुसऱ्या बाजूने आळंदीहून अष्टमीला माउलींची पालखी. तिथून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. अल्ट्रा हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीपासून नवरा-बायको हे अंतर चालत आलेत, कोणी गुडघ्याला फडकं बांधून, कोणी टाचेला भेगा घेऊन. आता दिंडीची रचना आठवा. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि मागे तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया. म्हणजे अहो पुढे टाळ वाजवत आणि या मागे तुळस सांभाळत. वाट एक, पण शेजारी शेजारी नाही. तो मागे वळून 'दुखतंय का' विचारू शकत नाही. ती पुढे बघून 'ठीक आहे' म्हणू शकत नाही. भेट होते विसाव्याला. आकुर्डीत मुक्कामाच्या संध्याकाळी कॉलन्यांतली पोरं वारकऱ्यांचे पाय चेपायला बसतात, चांभार फुकट चपला शिवून देतात. तिथे एखादी म्हातारी पाय पसरून बसलेली असते आणि तिचा म्हातारा खोबरेल तेलाची बाटली शोधत पिशवी उपसत असतो. "अगं, कुठल्या कप्प्यात ठेवलीस?" किती दुखलं ते त्याला तेव्हा कळतं, तिच्या तळव्यावर बोट ठेवल्यावर.

बारामतीच्या लता भगवान करे तुम्हाला माहीत असतील. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून साठी उलटलेल्या या बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत पळाल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. जोडीदारासाठी पळणं ते. जोडीदाराबरोबर पळणं हे निराळं. बरोबर पळताना जिंकायचं कोणाला, हेच ठरत नाही.

माउलींचा रथ दिवे घाटात येतो तेव्हा जादा बैलजोड्या जुंपतात. जोडी. एक बैल जोमात पुढे गेला तर जू तिरकं होतं आणि दुसऱ्याची मान सोलवटते. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. आपल्याला लागतं, म्हणून बसलोय.

परत त्या दोघांकडे येऊ. शेवटचा किलोमीटर, मुदत संपत आलेली. दक्षिण आफ्रिकेत 1921 पासून कॉम्रेड्स नावाची अल्ट्रा होते, पीटरमारिट्झबर्ग ते डर्बन किंवा उलट, नव्वदच्या आसपास किलोमीटर. पहिल्या वर्षी 34 जण सुटले, 16 पोहोचले. आता तिथे बारा तासांची मुदत असते, आणि मुदत संपली की अधिकारी पळणाऱ्यांकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. रेषेपासून दोन पावलांवर कोण आहे, ते त्याला दिसू नये म्हणून. तो पाठमोरा माणूस क्षणभर डोळ्यांसमोर ठेवा. ही दोघं वेळेत आली नाहीत असं समजा. बार झाला. ती रेषेअलीकडे आहे, तो तिच्या शेजारी, आणि त्याचे पाय अजूनही दुखत नाहीत. त्याच्या छातीत काय होतंय? तिच्या? तिथे जेवढा वेळ राहवेल तेवढा राहा.

आता दुसरं. ती वेळेत आली. चार मिनिटं राखून. कमानीखाली सतरंजीसारखी पट्टी अंथरलेली असते, तिच्यावर पाय पडला की बिबमागची चिप वेळ नोंदवते. प्रत्येकाची चिप वेगळी. तिला लग्न कळत नाही. निकालात ती त्याच्यापुढे एक सेकंद आहे. शेवटच्या पावलाला तो जरा मागे राहिला का, की तिनेच दुखऱ्या पायाने लांब ढांग टाकली, यावर घरी गेल्यावर वाद झाला. अजून मिटलेला नाही.

सोमवारची पहाट. त्याची फर्स्ट शिफ्ट, लिफ्ट बंद, तिसरा मजला. तिला पुढे तोंड करून जिना उतरता येत नाही, म्हणून ती कठडा धरून उलटी उतरते. तो एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून, एका हातात वह्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात डबे. आज त्याच्याही मांड्या भरून आल्यात. न पळता पळाल्यासारख्या. ती विचारते, "दुखतंय का?"

"नाही, ठीक आहे."

कंपनीची बस कोपऱ्यावर वळते. तो चढतो, खिडकीशी बसतो, आणि भोसरी मागे पडल्यावर त्याच्या लक्षात येतं की मांडीवर तिचा डबा आहे.

तुमचे तळवे अजून जमिनीवरच असतील. आता चपला घाला. आधी कोणता पाय पुढे येतो, तेवढं बघा.