दार कोणासाठी लावावे?

दिवाळीच्या अंकात दारूच्या दुकानाची गोष्ट काढली म्हणून कोणी नाक मुरडील, तर त्याला मी दोष देणार नाही. फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडा पडलेला असायचा, आणि त्यात बाटलीचा विषय! परंतु बाटलीविषयी मला फारसे काही सांगायचे नाही. मला बोलायचे आहे ते दुकानाच्या दाराविषयी. ते केव्हा उघडावे, केव्हा लावावे आणि मुख्य म्हणजे कोणासाठी लावावे, याविषयी. हा प्रश्न वाण्याच्या दुकानालाही लागू आहे आणि सोनाराच्या पेढीलाही. दारूच्या दुकानात तो जरा उघडावाघडा दिसतो, इतकेच.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेग नावाचे शहर आहे. तेथे प्रांतसरकारच्या मालकीची दारूची मोठमोठी दुकाने आहेत. २०१८-१९ च्या सुमारास या दुकानांत चोरीचा एक विलक्षण प्रकार बोकाळला. भिंत फोडायची नाही, कुलूप तोडायचे नाही, रात्रीची वाट पाहायची नाही. दुकान उघडे असताना, दिव्यांच्या लखलखाटात, चारचौघांसमक्ष आत शिरायचे, फळीवरच्या बाटल्या पिशवीत भरायच्या आणि चालू लागायचे. नोकरांना वरून ताकीद होती की, चोराला अडवू नका. माल गेला तरी चालेल, तुमच्या अंगाला धक्का लागता कामा नये. रांगेत पैसे हातात धरून उभी असलेली गिऱ्हाइके हे सारे बघत असत.

या ताकिदीची प्रथम गंमत वाटते, मग राग येतो. आपल्या डोळ्यांदेखत एक माणूस न देता नेतो आणि आपण मुकाट्याने देऊन नेतो, यात कोठेतरी आपलाच अपमान होतो आहे, असे वाटू लागते. परंतु जरा थांबून विचार केला, तर त्या ताकिदीत शहाणपण होते. बाटली पुन्हा भरता येते. तिच्यासाठी गल्ल्यावरच्या मुलीने डोके फोडून घ्यावे, असे कोणता भला मालक म्हणेल? माल आणि माणूस यांत माणूस निवडला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही ती पुरेशी ठरली नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये अशाच एका दुकानात चोरी करायला आलेल्यांनी नोकरांवर हात टाकला. अडवायचे नाही हा नियम नोकरांनी पाळला, पण मारायचे नाही हा नियम चोराने कोठे मान्य केला होता? त्यानंतर दुकानाचे दार बदलले. बाहेरच्या दारातून आत आल्यावर गिऱ्हाइकाने छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवायचे, मगच आतले दार उघडायचे. एकेक करून शहरातल्या इतर दुकानांतही अशी दारे बसली आणि चोऱ्या झपाट्याने उतरल्या.

ही हकीकत मी आमच्या शेजारच्या अण्णांना सांगितली. अण्णांनी तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकविले आहे. न्याय-अन्यायाच्या बाबतीत त्यांचा कान तिखट आहे. ते म्हणाले, "अहो, चोरी करायची दहांनी आणि ओळखपत्र दाखवायचे हजारांनी, हा कोठला न्याय? वर्गात एकाने शीळ घातली म्हणून सगळा वर्ग उभा करणारे मास्तर मी पाहिलेत. तो मास्तर दुबळा असतो. खरा गुन्हेगार सापडत नाही, म्हणून तो निरपराध्यांवर सूड उगवतो."

अण्णांचा दृष्टांत बिनतोड वाटला आणि मी दोन दिवस त्यावर विचार करीत होतो. सारा वर्ग उभा करण्यात आणि साऱ्यांना दारात थांबविण्यात काही फरक आहे की नाही?

एक फरक मला दुकानाच्या इतिहासात सापडला. माझ्या लहानपणी वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक उंबऱ्याच्या आत येत नसे. फळीच्या अलीकडे आपण, पलीकडे पोती, डबे, तराजू आणि पुड्या बांधणारा नोकर. आपण नाव घ्यायचे, त्याने जिन्नस काढून द्यायचा. अमेरिकेतल्या मेंफिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स सॉंडर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' हे दुकान काढले आणि ती फळीच उडवून दिली. गिऱ्हाइकाने टोपली घेऊन फिरावे, हवे ते स्वतः उचलावे आणि शेवटी पैसे द्यावे. दारूच्या दुकानांत ही रीत पुष्कळ उशिरा आली. कॅनडाच्याच ऑन्टॅरिओ प्रांतात १९६९ सालापर्यंत गिऱ्हाईक चिठ्ठीवर बाटलीचे नाव लिहून देई आणि नोकर ती आतून आणून देई.

या नव्या रीतीला आपण विश्वासाची रीत समजतो, आणि ती तशी आहेही. पण तो विश्वास फुकटचा नव्हता. पुड्या बांधणारे चार नोकर वाचले, माल अधिक खपला; त्या नफ्यात थोडी चोरी सहज पोटात घालता आली. पूर्वी माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये लाकडाची फळी होती. ती काढल्यावर त्या जागी गल्ल्यावरचे एकटे माणूस उरले. आपल्याकडच्या दारूच्या दुकानाची लोखंडी जाळी बघून कोणी हसतो, कोणी शरमतो. परंतु त्या जाळीमागे उभ्या असलेल्या पोराला निदान कोणी धक्का मारून बाटली पळवीत नाही. विनिपेगच्या दुकानांनी जे दार बसविले ते गिऱ्हाइकाला शिक्षा म्हणून नव्हे. काढून टाकलेली फळीच त्यांनी जरा पुढे सरकवून परत बसविली.

आता काळाच्या दाराकडे वळू. कारण दुकान लाकडाने बंद करता येते, तसे घड्याळानेही करता येते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, ऑस्ट्रेलियातल्या काही प्रांतांनी पिण्याच्या गुत्त्यांना संध्याकाळी सहाला टाळे लावायचे ठरविले. हेतू चांगला होता; गृहस्थ वेळेवर घरी जाईल, बायकामुलांत बसेल. घडले असे की पाचला कचेरी सुटली की लोक गुत्त्यावर तुटून पडत आणि एका तासात रात्रभराचे पिऊन घेत. न्यू साउथ वेल्समध्ये हे १९५५ पर्यंत चालले, व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेर दुकाने बंद झाली, तेव्हा बंद दुकानांची शटरे फोडून बाटल्या नेल्याच्या बातम्या गावोगावहून आल्या. ४ मे रोजी दारे उघडली, तर मुंबईत इतकी झुंबड उडाली की दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा लावण्याचा हुकूम निघाला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी येथे दारू मिळेना म्हणून काही लोक हात धुण्याचे जंतुनाशक प्याले आणि प्राणास मुकले. घड्याळाचा काटा पुढेमागे केल्याने माणसाची तहान पुढेमागे होत नाही, हे या सर्वांतून दिसते. बंद दार कोणाला सुधारील, अशी आशा मी तरी धरीत नाही.

मग वेळ आवळायचीच कशाला? येथे मला ऑस्ट्रेलियाचेच दुसरे उदाहरण आठवते. तेथल्या ॲलिस स्प्रिंग्ज या गावी चोऱ्या, घरफोड्या आणि मारामाऱ्या इतक्या वाढल्या की जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधान स्वतः तेथे गेले. ठरले असे की सोमवारी आणि मंगळवारी दुकानातून बाटली घरी न्यायची नाही. इतर दिवशी दुपारी तीन ते सात एवढ्याच वेळात न्यायची. आधी काय होते, ते बघण्याजोगे आहे. २००७ पासून दारूचे कडक निर्बंध तेथल्या आदिवासींच्या वस्त्यांवर खास लादलेले होते. २०२२ च्या मध्यावर त्यांची मुदत संपली होती. जानेवारीतली वेळ मात्र साऱ्या गावाला एकच होती, गोऱ्यालाही आणि काळ्यालाही. पुढच्याच महिन्यात वस्त्यांवरचा वेगळा निर्बंध पुन्हा आला, हेही सांगितले पाहिजे. सगळ्यांनी मिळून सोसण्याचा निश्चय फार दिवस टिकत नाही.

अण्णांच्या मास्तराचे उत्तर मला येथे सापडले. सगळ्यांना दारात थांबवायचे नसेल, तर मग कोणाला थांबवायचे? चोराच्या कपाळावर खूण नसते. दारावरचा रखवालदार मग चेहऱ्याकडे बघू लागतो, कपड्यांकडे, चपलांकडे. मोठ्या दुकानात मळक्या सदऱ्याचा माणूस शिरला की त्याच्या मागे मागे एक नोकर कसा फिरू लागतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपण नीटनेटके असतो, म्हणून आपल्या मागे कोणी येत नाही. आणि या सवलतीलाच आपण आपला प्रामाणिकपणा समजतो. शंभरांनी प्रत्येकी अर्धे मिनिट थांबावे की एकाने आयुष्यभर संशय सोसावा, असा हा हिशेब आहे. तो एक जण बहुधा गरीब असतो, परका असतो, आणि पुष्कळदा निरपराधही असतो. सगळ्यांकडून मागितलेल्या ओळखपत्रात कोणाचाच अपमान नसतो.

मात्र याला एक अट आहे. दार कोणासाठी लावले, हे स्वच्छ सांगता आले पाहिजे. मालासाठी लावले असेल, तर मालकाने आपला नफा आणि आपली चोरी यांचा हिशेब स्वतः करावा. त्यासाठी गावाला वेठीस धरू नये. गिऱ्हाइकाला वळण लावण्यासाठी लावले असेल, तर इतिहास त्या बाजूने नाही. परंतु गल्ल्यापलीकडच्या माणसासाठी लावले असेल, तर ती गैरसोय सोसणे मी माझे कर्तव्य समजतो.

दुकानाच्या वेळांचा कायदा आपल्याकडे मूळचा त्याच माणसासाठी जन्मला, हे आपण विसरून गेलो आहोत. मुंबई प्रांतात १९३९ साली आणि पुन्हा १९४८ साली दुकाने व संस्था यांच्याविषयीचे कायदे झाले. दुकान रात्री केव्हा बंद व्हावे, नोकराने किती तास राबावे, आठवड्याला सुटी केव्हा मिळावी, हे त्यांनी ठरविले. त्यात चोराचे नाव नव्हते आणि दारुड्याचेही नव्हते. २०१७ च्या नव्या कायद्याने महाराष्ट्रातल्या दुकानांना अहोरात्र उघडे राहण्याची मोकळीक मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा स्पष्ट केली. दारूच्या दुकानांना तेवढे वगळले आहे. नोकराचे तास आणि सुटी नवा कायदाही राखतो. मोकळीक वाईट आहे, असे मी म्हणत नाही. रात्री औषध लागते, दूध लागते. पण रात्री दोन वाजता दिव्याखाली एकटे कोण बसले आहे, हा प्रश्न कायद्याच्या कलमाने सुटत नाही. तो रात्री दोनला दार ठोठावणाऱ्याने स्वतःला विचारायचा असतो.

हे सगळे अण्णांना ऐकविले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दार पटले. पण तो बाटल्या उचलणारा पोरगा? तो दाराबाहेरच राहिला, त्याचे काय?" याला माझ्याजवळ उत्तर नाही. दार आतल्या माणसाला राखते. बाहेरच्या पोराला घर, शाळा आणि काम देणे हे दाराचे काम नव्हे, आणि दार लावून झाले म्हणजे ते काम उरकले, असेही कोणी समजू नये.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण घराचे दार उघडे ठेवतो, लक्ष्मी आत यावी म्हणून. त्याच संध्याकाळी आपल्यापैकी कोणीतरी, वातींचा कापूस किंवा साखर संपली म्हणून, अर्धे ओढलेल्या शटराखालून वाकून आत डोकावणार आहे आणि म्हणणार आहे, "एकच वस्तू हवी होती हो." आतला पोरगा काही बोलणार नाही, ती वस्तू तो काढून देईल. त्याच्याही घरी पणत्या लावायच्या राहिल्या असतील. यंदा यादी जरा लवकर करावी.