खेळ आणि चाकरी

गेल्या पावसाळ्यात आमचे एक जुने स्नेही आमच्याकडे एक कागद घेऊन आले. भुसावळास रेल्वेच्या नोकरीत आयुष्य घालवून ते आता जळगावी स्वस्थ राहिले आहेत. कागद म्हणजे त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी एका कारखान्यात मालाच्या आवक-जावकीवर देखरेख करण्याच्या जागेसाठी केलेला अर्ज होता. चिरंजीव अभियांत्रिकीची पदविका घेऊन दोन वर्षे घरी आहेत. अर्जात शिक्षण, वय, भाषा हे सर्व यथास्थित होते. परंतु अंगच्या गुणांच्या सदरात एक ओळ अशी होती की, उमेदवाराने तीन वर्षे चौघांच्या पथकाचे नेतृत्व केले असून आणीबाणीच्या प्रसंगी त्वरित निर्णय घेण्याचा त्यास अनुभव आहे. वडिलांनी प्रथम कौतुकानेच चौकशी केली की हे पथक कोठले. तेव्हा कळले की ते मोबाइलवरील लढाईच्या खेळातले. “मास्तर, तुम्हीच सांगा,” ते आम्हांस म्हणाले, “हा लबाडी करतो आहे, की मीच जुना झालो आहे?”

हा प्रश्न आम्हांस प्रथम वाटला तितका सोपा निघाला नाही, म्हणून तो येथे मांडीत आहोत.

ज्या वाचकांच्या घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. निरनिराळ्या गावी बसलेले शंभरपर्यंत खेळाडू विमानातून एका ओसाड बेटावर उतरतात, रिकाम्या घरांतून शस्त्रे व औषधे गोळा करतात, आणि सुरक्षित प्रदेशाचे वर्तुळ जसजसे आकसत जाते तसतशी त्यांची एकमेकांशी गाठ पडून शेवटी एकच पथक उरते. सारा डाव अर्ध्या तासाचा. २०१८ पासून हा खेळ ‘पब्जी’ या नावाने आपल्याकडे पसरला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यांत तो गेला. जुलै २०२१ मध्ये निराळे नाव धारण करून परतला. पुढल्या जुलैत पुन्हा अंतर्धान पावला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. इतके पुनर्जन्म खेळातल्या वीरांनाही लाभत नसतील. पैसे लावून खेळावयाच्या खेळांचा आम्ही येथे विचार करीत नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ते मना झाले आहेत, आणि त्याच कायद्याने ज्यास ई-क्रीडा म्हणतात तिला मान्यताही दिली आहे. तेव्हा नुसते ‘सरकारने बंदी घातली ते वाईट’ असे म्हणून सुटता येत नाही.

न पाहता मत देणे बरे नव्हे, म्हणून एके रात्री आम्ही त्या मुलाच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. चौघांपैकी एक धुळ्याचा, एक चोपड्याचा, आणि एक मूळचा पारोळ्याचा पण आता नोकरीनिमित्त पुण्यास गेलेला. बोलणे सगळे अहिराणीत. ‘भो’ या संबोधनाविना वाक्य नाही. खरे सांगावयाचे तर महिनाभरात जळगावच्या बाजारात जितकी अहिराणी कानी पडत नाही तितकी त्या एका तासात पडली. मुलगा थोडक्या शब्दांत सांगत होता: कोणी पुढे जावे, कोणी पाठ राखावी, औषध कोणाकडे उरले आहे. स्वतःजवळचे शेवटचे औषध त्याने धुळेकरास दिले आणि त्यामुळे पुढे स्वतः पडला. आम्ही लबाडीची कल्पना तेथल्या तेथे सोडून दिली. तो जे करीत होता त्यास नेतृत्व म्हणू नये तर दुसरे काय म्हणावे, हे आम्हांस सुचेना.

परंतु तेथे असलेला गुण येथे येतो काय?

खेळातल्या कौशल्यावर चाकरी मिळविल्याचे उदाहरण आपल्याकडे फार जुने आहे. द्यूतात राज्य घालविलेल्या युधिष्ठिराने वनवासात बृहदश्व ऋषीकडून अक्षविद्या घेतली आणि अज्ञातवासाच्या वर्षी कंक हे नाव घेऊन विराटाच्या सभेत फाशांच्या ज्ञानावरच आश्रय मिळविला. त्याच बृहदश्वाने त्यास नलाची कथा सांगितली. राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे रथातून जात असता वाटेतल्या बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे एका दृष्टिक्षेपात मोजून सांगतो. सारथ्याच्या वेषातला नल रथ थांबवून, झाड पाडून, मोजून पाहतो तो आकडा बरोबर. मग अश्वविद्येच्या बदल्यात नल ती अक्षविद्या घेतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, झाडावरची गणती फाशांवर चालली, कारण दोन्ही ठिकाणी काम गणतीचेच होते. ऋतुपर्णास जे फाशांत येत होते त्याने त्याला घोडे मात्र हाकता येत नव्हते. तेवढ्यासाठी तर त्याने सारथी ठेविला होता.

हीच गोष्ट १९०१ साली अमेरिकेत थॉर्नडाइक व वुडवर्थ या दोघा मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविली. कागदी आकृतींचे क्षेत्रफळ अजमासाने सांगण्याचा त्यांनी लोकांकडून सराव करून घेतला. एका आकाराच्या आकृतींत तरबेज झालेली माणसे निराळ्या आकाराच्या आकृतींपुढे बरीचशी पूर्वीसारखीच चाचपडू लागली. दोन कामांत जेवढे घटक समान, तेवढाच सरावाचा लाभ एकातून दुसऱ्यात जातो, असे त्यांचे म्हणणे. त्या काळी लॅटिन शिकल्याने बुद्धी सर्वच विषयांत तीक्ष्ण होते असे तिकडे मानीत. आमच्या वडील पिढीचा रूपावलीवर तसाच विश्वास होता, आणि त्या विश्वासापायी आम्ही छड्याही खाल्ल्या आहेत. आज मोबाइलच्या खेळाने ‘निर्णयशक्ती’ वाढते असे सांगणारे आणि तेव्हा संस्कृतने ‘धारणाशक्ती’ वाढते असे सांगणारे, या दोघांची समजूत मुळात एकच आहे, हे पाहून आम्हांस थोडी गंमत वाटली.

समान घटक असतील तेथे लाभ होत असावा, हे आम्ही नाकारीत नाही. २००७ साली न्यूयॉर्कमधील ३३ शस्त्रवैद्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. पूर्वी आठवड्यास तीन तासांहून अधिक व्हिडिओ खेळ खेळत असलेल्यांच्या हातून, दुर्बिणीने करावयाच्या शस्त्रक्रियेच्या सरावात, न खेळणाऱ्यांपेक्षा ३७ टक्के कमी चुका झाल्या. हाताची हालचाल येथे आणि तिचे चित्र समोरच्या पडद्यावर, हा घटक दोहोंकडे समानच आहे. अर्थात ज्यांचा हात मुळातच हलका, तेच खेळाकडे व या विद्येकडे ओढले गेले असतील, ही शंका उरतेच.

आता आमच्या मुलास जी जागा हवी आहे ती पाहू. आपल्या जिल्ह्यात मालाची देखरेख म्हणजे काय, हे रावेर-सावद्याकडे केळीच्या काढणीच्या दिवसांत जाऊन पाहावे. सकाळी बोर्डावर एक भाव लागलेला असतो. शेतकऱ्याच्या बांधावर माल पाहिल्यावर दुसराच निघतो. घड कापणारे मजूर आले तर गाडी नाही, गाडी आली तर मजूर दुसऱ्या मळ्यात. उन्हात माल तापत असतो. अशा वेळी जो कारकून शेतकऱ्यास अप्रिय भाव सांगतो, त्यास त्वरित निर्णय घ्यावा लागतो हे खरे. पण तोच शेतकरी पुढल्या वर्षी, त्याच बांधावर, आजचा प्रत्येक शब्द स्मरून त्याच्यापुढे उभा राहावयाचा असतो. खेळात असे नाही. तेथे डाव मोडला की पाटी कोरी. मेलेला पुढल्या डावात नवा जन्म घेतो, चुकीचे देणे उरत नाही, आणि जोडीदार नकोसा झाला तर बोट लावले की दुसरा हजर. यश कशास म्हणावे हे तेथे आधीच ठरलेले असते; कचेरीत तेच अर्धा जन्म कळत नाही. कामाला स्मरण असते आणि आपण न निवडलेली माणसे असतात. खेळाची सारी मजाच यांतून सुटका होण्यात आहे. समान घटक शोधू गेलो तर नेमके हेच दोन सापडत नाहीत.

येथवर विचार करून आम्ही निकाल देऊन मोकळे होणार होतो. परंतु दोन गोष्टी आड आल्या.

पहिली पुस्तकी आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांस अपरिचित माणसांची पथके करून काहींस पंचेचाळीस मिनिटे एकत्र व्हिडिओ खेळ खेळू दिला, आणि मग सर्वांस एक निराळेच काम दिले. खेळून आलेल्यांचे काम पूर्वीपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी सुधारले. पाऊण तासात कोणते कौशल्य अंगी येणार? आले असेल ते इतकेच की, शेजारचा माणूस परका राहिला नाही. आणि हा लाभ मिळाला तो ज्यांच्याशी खेळले त्यांच्याशीच पुढे काम करणे होते म्हणून.

दुसरी गोष्ट त्या मुलाच्याच तोंडून निघाली. आम्ही सहज विचारले, “तुमच्या पथकातला एखादा न सांगता यायचा बंद झाला तर तू काय करतोस?” मुलगा घुटमळला. मग म्हणाला, “काका, तसं एकदा झालं होतं. धुळ्याचा आठ दिवस आलाच नाही. आम्ही चौथा दुसरा घेतला. मला वाटलं कंटाळला असेल.” नवव्या दिवशी कळले की त्याची आई दवाखान्यात होती. चौघांपैकी कोणीही त्यास प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. हा मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने एरंडोल, पारोळा करीत धुळ्यास गेला, दोन रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्याबरोबर झोपला आणि परत आला. घरी त्याने नोकरीच्या मुलाखतीस जातो असे सांगितले होते. ती लबाडी मात्र खरी.

या प्रसंगाचे काय करावे हे आम्हांस अद्याप नीटसे उमगलेले नाही. त्या आठ दिवसांत त्याने जे केले ते खेळाने शिकविलेले होते: माणूस गेला, जागा भरा. नवव्या दिवशी जे केले ते खेळाने शिकविले असे म्हणता येत नाही. पण खेळ नसता तर ते घडलेही नसते, कारण जळगावच्या या मुलास धुळ्याचा तो मुलगा भेटला असता कोठे?

धुळ्याचे नाव निघाले म्हणून आठवते. १९३२ साली तेथील तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. चौथ्या अध्यायाच्या विवरणात विनोबा बाहेरच्या कर्मास आतल्या चित्ताची जोड मिळण्याविषयी बोलतात. त्या जोडीस ते विकर्म म्हणतात. त्या रात्री खुर्चीवर बसलो असता आम्हांस वाटले, ही जोड या मुलाजवळ आहे. चित्त इतके एकवटलेले आम्ही पुष्कळ कचेऱ्यांत पाहिलेले नाही. ती डाळीच्या पोत्यांच्या मोजणीस मिळेल की नाही, हे एकट्या त्याच्यावर अवलंबून नाही. पदविकाधारकास दोन वर्षे घरी बसविणाऱ्यांवरही आहे. पुण्यास, नाशकास, सुरतेस गेलेली खानदेशची मुले काही खेळापायी गेलेली नाहीत.

आणि खेळाने पोटाचा हिशेब दिलाच पाहिजे, असे तरी आम्ही केव्हापासून म्हणू लागलो? खानदेशात आखाजीला सालदाराचे जुने वर्ष संपते आणि नवे ठरते. त्याच दिवशी मुली झोक्यावर बसतात आणि गावोगावी पत्त्यांचे डावही पडतात. त्या डावांत थोडेफार पैसेही जात. ते चांगले होते असे आम्ही म्हणत नाही. पण उद्यापासून वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबावयाचे ज्याने आजच कबूल केले आहे, त्यास कोणी विचारीत नसे की, या पत्त्यांनी तुझ्या औतास काय उपयोग? आजच्या बापास ते विचारावे लागते, कारण त्याच्या मुलाचे साल कोणी ठरवीतच नाही. आमच्या स्नेह्यांच्या रागाखाली ही भीती होती, हे कळावयास आम्हांस उशीर लागला.

अर्जातली ती ओळ काढ, असे आम्ही मुलास सांगितले नाही. तीत खोटे काही नाही. फक्त मुलाखतीत कोणी तिच्याविषयी विचारले तर धुळ्याची हकीगत आठ दिवसांसकट सांग, एवढे म्हणालो. त्याने मान हलविली. सांगेल असे काही आम्हांस वाटत नाही. वडिलांस मात्र ती हकीगत त्याने आमच्यादेखत सांगितली. स्नेही बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी इतकेच विचारले, “त्या मुलाची आई आता कशी आहे?” मुलगा म्हणाला, “बरी आहे. तो परत खेळायला येतो.”

अर्ज जाऊन आता दीड महिना झाला. उत्तर आलेले नाही.