विश्वास आणि उपचार

सेवा मागणाऱ्याचीच करावी, की न मागणाऱ्याचीही? रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्या कथेतील करुणा थोर खरीच. परंतु एका अर्थी ती सोपीही होती. गाढवाला पाणी हवे होते आणि नाथांपाशी पाणी होते. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याची इच्छा यांत तेथे अंतर नव्हते. पण ज्या जीवाला आपल्या करुणेचेच भय वाटते, त्याच्याशी कसे वागावे?

देवळाच्या आवारात, अग्रशाळेच्या छपरावर किंवा कोठारामागे वाढलेले रानटी मांजर हा प्रश्न अगदी रोकडा करून आपल्यापुढे ठेवते. मांजराच्या पिलाला माणसाची सवय व्हावयाची ती साधारणतः जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तो काळ माणसावाचून गेला, की पुढे माणूस म्हणजे त्याच्या लेखी एक मोठे श्वापदच. असा एखादा बोका मारामारीत दुसऱ्याचा दात लागून जखमी होतो. दाताचे बारीक छिद्र वरून मिटते, आत पू साचतो, गालफड सुजते आणि तो अन्न टाकतो. त्याला पशुवैद्याची गरज आहे, हे आपल्याला कळते. त्याला मात्र एवढेच कळते, की कोणीतरी आपल्यावर टपून बसले आहे.

येथे पहिला मोह होतो तो घाईचा. कोणी कापूर घातलेले तेल जखमेवर ओतू पाहतो, कोणी फिनेलचे पाणी शिंपडतो, कोणी माणसाची तापाची गोळी दुधात कालवतो. हेतू शुद्ध असतो, पण अंगाला लावलेले सर्व काही मांजर चाटून पोटात घेते आणि कापूर व फिनेल ही दोन्ही त्याला विषासमान आहेत. पॅरासिटामॉल पचविण्याची शक्ती तर त्याच्या यकृतात जवळजवळ नाहीच. एक गोळीही त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट करून त्याचा जीव घेऊ शकते. उघड्या हातांनी त्याला धरू पाहणे हेही शौर्य नव्हे. चावा बसलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस घ्यावी लागते. ज्ञानावाचूनची दया हिंसेच्या किती निकट असते, हे येथे दिसून येते.

दुसरा मार्ग धीराचा. ठरल्या वेळी, ठरल्या जागी अन्न ठेवावे, दूर बसावे, नजर रोखू नये. डोळे सावकाश मिटून उघडले असता मांजरे तसाच प्रतिसाद देतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ येण्यास अधिक राजी होतात, असे इंग्लंडमधील संशोधकांना २०२० साली आढळून आले. अशा रीतीने विश्वास तिळातिळाने जमतो. पुढे अन्नाची थाळी पिंजऱ्यात सरकते. दार काही दिवस उघडेच बांधून ठेवलेले असते. आणि मग एके दिवशी ते दार पडते.

हा विश्वासघात नव्हे काय? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दांभिकाला ‘बैडालव्रतिक’ म्हटले आहे : मांजरासारखा शांत बसून घात साधणारा. येथे तर बैडालव्रत माणसानेच धारण केले, आणि तेही मांजरापुढे! हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

त्याचे उत्तरही आपल्या परंपरेत मांजराच्याच रूपाने आले आहे. श्रीवैष्णवांतील तेंकलै पंथ ईश्वरी कृपेला मार्जारन्यायाचा दृष्टांत देतो. माकडाचे पिलू आईला स्वतः बिलगते; मांजरी मात्र पिलाची संमती न विचारता त्याला दातांत धरून नेते. ज्या दातांनी उंदीर मरतो, त्याच दातांत पिलू सुरक्षित राहते. तेव्हा पकड ही जात्याच पाप नव्हे. ती किती घट्ट, किती वेळ आणि कोणासाठी, यावर तिचे पाप-पुण्य ठरते. म्हणून जखम थांबू शकत असेल, तर विश्वासाची वाट पाहावी. प्राणावर बेतले असेल, तर वाट पाहणे हीच क्रूरता. आणि पकडायचेच झाले, तर एकदाच पकडावे. पिंजऱ्यावर लागलीच कापड टाकावे, कारण अंधारात त्याचे भय ओसरते. भूल देऊन पू काढणे आणि दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन टोचणे ही कामे पशुवैद्याने एकाच वेळी उरकावी. बरा झाल्यावर त्याला त्याच्याच जागी सोडावे. लळा लागावा म्हणून चार दिवस अधिक कोंडून ठेवणे, ही मात्र सेवा नव्हे.

खरी कसोटी यानंतर लागते. शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला पलित उंदीर आणि लोमश मांजर यांची कथा सांगितली आहे. संकटात दोघांची मैत्री झाली आणि उंदराने मांजराचे जाळे कुरतडले. पण संकट टळल्यावर मांजराने कितीही गोड बोलून बोलावले, तरी उंदीर बिळाबाहेर आला नाही. भीष्म त्याला कृतघ्न म्हणत नाहीत, शहाणाच म्हणतात. सुटून गेलेला बोका महिनाभर थाळीकडे फिरकला नाही, तर तोही शहाणाच. त्याने आपले आभार मानावेत अशी इच्छा मनात उरली असेल, तर आपण त्याच्या प्रेमाचे गिऱ्हाईक होतो, त्याचे सेवक नव्हतो. न मागणाऱ्याचीही सेवा करावी. पण तिच्याबद्दल त्याच्याकडून काही येणे आहे, असे मानू नये. थाळी मात्र ठरल्या वेळी, ठरल्या जागी ठेवीत जावी.