फळ्यावरची नोटीस

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक बाजारगाव आहे, असं समजा. एकच पेठ, दोन्ही अंगाला ओट्यांची घरं, निम्म्या घरांत खाली दुकानं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला निघालेल्या गाड्या इथे चहा-वडापावला थांबायच्या. पौषात म्हसाची यात्रा भरली की जीपा आणि टेम्पो पेठेतच लागायचे.

पावसाळ्यातल्या अशाच एका रविवारी पेठेतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. 108 ची गाडी पेठेच्या तोंडाशीच अडकली. चौघांनी सुनेला खुर्चीत बसवलं, भर पावसात उचलून गाडीपर्यंत नेलं. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण गाव हादरलं.

सरपंचताईंनी मनावर घेतलं. घरपट्टीची पावती दाखवेल त्याला पंचायतीचं स्टिकर मिळेल आणि स्टिकर नसलेली गाडी पेठेत उभी राहणार नाही, असा नियम लिहून काढला. पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली: हरकती असल्यास लेखी द्याव्यात. महिना उलटला, एकही हरकत आली नाही.

15 ऑगस्टला ग्रामसभा होती. कायद्याने गणसंख्येला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल तेवढी माणसं लागतात. भाताची बेणणी चालू होती, तेवढी माणसं जमली नाहीत. सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणसंख्येची अट राहत नाही. ही सवलत काम अडू नये म्हणून दिलेली आहे, पण तिच्या आडोशाने फार मोठे निर्णय फार थोड्या हातांनी होतात, हे खेड्यापाड्यांत वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. इथेही तेच झालं. आले ते बहुतेक दारात चारचाकी असलेले. ठराव एकमताने मंजूर झाला.

पांढरे पट्टे मारले गेले. पंचायतीचे जुने शिपाईमामा रोज पेठेतून कागद घेऊन हिंडायचे. आठवड्याभराने ते ताईंना म्हणाले, “ताई, दुपारी बाराला माझ्याबरोबर पेठेत येता का?”

ताई गेल्या. पट्ट्यांमधल्या जागा रिकाम्या पडल्या होत्या, कारण स्टिकरवाल्या गाड्या सकाळीच कल्याणला नाहीतर आसनगाव स्टेशनला गेल्या होत्या. पाड्यावरून भेंडी घेऊन आलेली पिकअप मात्र बाहेर मोठ्या रस्त्यावर अर्धी चाकं खाली उतरवून उभी होती, आणि दोन पोरं क्रेट डोक्यावर घेऊन पेठेत धावत होती. भाड्याने राहणाऱ्या मास्तरांच्या नावावर घरपट्टी नाही, म्हणून त्यांची मोटरसायकल देवळामागे. पहाटेपासून ओट्याच्या कडेला कंटोली, भारंगीची पाटी लावून बसणाऱ्या ठाकर-कातकरी बायांना पाटी पट्ट्याच्या आत येते म्हणून उठवलं होतं. त्या गटाराच्या कडेला बसल्या होत्या, आणि तिथे गिऱ्हाईक वाकून बघायलासुद्धा थांबत नव्हतं.

“आता रात्री दहाला या,” मामा म्हणाले.

रात्री दोन्ही बाजूंनी स्टिकरवाल्या गाड्या चिकटून लागल्या होत्या. एका घराला किती स्टिकर द्यायची, हे ठरावात लिहिलंच नव्हतं. मामांनी दोरी धरून मधली वाट मोजली. 108 ची गाडी आजही आत आली नसती.

ताई ओट्यावर बसल्या. “पण मामा, नोटीस महिनाभर होती. कुणी काहीच बोललं नाही.”

“ताई, नोटीस फळ्यावर होती. माणसं फळ्यापाशी नव्हती. त्या पाटीवाल्या बाईला वाचता येत नाही. मास्तर सहाची गाडी पकडतात, पंचायत उघडते दहाला. पिकअपवाला या गावचा मतदारच नाही. बोलले नाहीत म्हणजे चालेल म्हणाले, असं नव्हे. ज्याला विचारायचं, त्याच्यापाशी त्याच्या वेळेला आपणच जायला हवं.”

ताईंनी पट्टे पुसायला सांगितले नाहीत, की ठरावही लगेच फाडला नाही. त्या पहाटे, दुपारी, रात्री पेठेत जाऊन बसू लागल्या. पाटीवाल्या आजींना त्यांनी विचारलं, “तुमचं काय म्हणणं?” आजी आधी काही बोलेचनात. मग म्हणाल्या, “आमाला गाडी नाय. पन पाटी ठेवाया जागा लागतं का नाय?” पेठेचा नियम आपण फक्त गाड्यांसाठी केला, हे त्या वाक्याने ताईंना जेवढं कळलं तेवढं कुठल्याच अर्जाने कळलं नसतं.

पुन्हा सभा लागली, या वेळी पेठेतच, दिवेलागणीनंतर. मामांनी आदल्या संध्याकाळी पाड्यापाड्यावर दवंडी दिली. आधी महिला सभा झाली. ती कायद्याने घ्यायचीच असते, पण बऱ्याच ठिकाणी रजिस्टरवर सह्या घेऊन उरकतात. इथे ती दोन तास चालली. मत नसलेल्या पिकअपवाल्यालाही बोलू दिलं, हात वर मात्र मतदारांनीच केले. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव सर्वांचं जमेपर्यंत बोलत राहतं. या गावाला तेवढा धीर नव्हता, भांडणही झालं. पण भांडण समोरासमोर झालं.

ठरलं ते असं. सकाळी दहापर्यंत एक बाजू पाट्यांची आणि माल उतरवणाऱ्या गाड्यांची. स्टिकर फक्त रात्रीपुरतं, एका घराला एक, आणि भाडेकरूलाही, घरमालकाच्या सहीवर. दुसरी बाजू चोवीस तास मोकळी. तिची रुंदी कागदावर न ठरवता 108 ची गाडी प्रत्यक्ष आत आणून ठरवली, चालकाला दार उघडून स्ट्रेचर काढायला लावलं आणि मग चुना टाकला. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या शाळेच्या आवारात. यात्रेच्या दिवसांत भातकापणी होऊन खाचरं कोरडी असतात, तेव्हा रस्त्यालगतच्या दोघा शेतकऱ्यांनी आपली खाचरं देऊ केली. गाडीमागे येईल ते भाडं त्यांचं.

दोन गाड्या असलेल्या एका घरमालकाला हे पटलं नाही. त्याने सभेत तसं सांगितलं, विरोधात हात वर केला, आणि रजिस्टरवर सहीही केली. पुढच्या महिन्यात त्याने परसातला मोडका गोठा उतरवला आणि दुसरी गाडी तिथे लावू लागला.