बघून ये की

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळच्या एका पद्मशाली घरात एक मुलगी राहत होती. घरात तेलुगू, बाहेर मराठी. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये झाला आणि निकालापर्यंत मोठी सुट्टी मिळाली. घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारी, "पुढं काय?" मुलगी म्हणे, "डॉक्टर. नाहीतर सीए. नाहीतर कलेक्टर."

तिचे आजोबा, ज्यांना ती ताता म्हणे, जन्मभर यंत्रमागावर जॉबर होते. माग कुठं बिघडलाय हे त्यांना आवाजावरून कळे. एका दुपारी त्यांनी विचारलं, "डॉक्टर दिवसभर काय करतो गं?"

"पेशंट तपासतात."

"मी माग दुरुस्त करतो म्हटलं, तर तुला माझं काम कळलं का?"

मुलगी गप्प बसली. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर तिनं पाहिलं होतं. ते १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या ३२व्या वर्षी तिथंच वारले, हे भाषण तिला पाठ होतं. पण तिथं त्यांचा एक दिवस कसा जात असेल, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

"नाव ऐकून काम निवडू नये," ताता म्हणाले. "ते करणाऱ्याजवळ दिवसभर बसावं, मग ठरवावं. सुट्टी आहे तवर बघून ये की. आणि वहीत दोन्ही लिही. आवडलं ते एका पानावर, नाही आवडलं ते समोरच्या पानावर. दुसरं पान कोरं राहिलं, तर समज तू नीट बघितलं नाहीस."

ऊन चाळिशीच्या पुढं गेलं होतं. ओळखीच्या डॉक्टरांनी तिला दवाखान्यात केसपेपर काढायला बसवलं. सकाळभर खोकला, ताप, गुडघे. संध्याकाळी पुन्हा तेच. दहाव्या खोकल्याला ती कंटाळली. डॉक्टर मात्र चाळिसाव्या माणसालाही पहिल्यासारखंच विचारत होते, "किती दिवस झाले? रात्री झोप लागते?" तिनं वहीत लिहिलं: हे काम मोठं आहे, पण तेच तेच ऐकताना माझं लक्ष उडतं. सीएंच्या ऑफिसात आकडे जुळले की तिला बरं वाटलं, पण तासाभरात डोळे घड्याळाकडे गेले. कलेक्टर कचेरीत ती तातांबरोबर रांगेत उभी राहिली आणि अर्ज घेऊन आलेली माणसं पाहून आली.

सुट्टी लागली की आपण मुलांना लगेच अकरावीच्या क्लासला घालतो. पुस्तक महिनाभर उशिरा उघडलं म्हणून काही बिघडत नाही. न पाहिलेल्या कामाला मूल एकदा जुंपलं गेलं, की ते सोडवायला मात्र वर्षं जातात. आईबापांनी या सुट्टीत मुलांना चार ठिकाणी हिंडू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी ताता तिला एका डिझाइन मास्तरांकडे घेऊन गेले. ते आता कॉम्प्युटरवर काम करत, पण भिंतीवर जुना आलेख टांगलेला होता: चादरीवरचा मोर, बारीक चौकोनांत लाल पेन्सिलीनं भरलेला. मास्तरांनी जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची पट्टी तिच्या हातात दिली. "भोक असलं की ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसलं की खाली राहतो. भरलेला चौकोन म्हणजे भोक. इथं एक चुकला, की मोराची चोच प्रत्येक चादरीत तुटलेली येणार."

तिनं चोच शोधली. मग डोळा. मग चादर उलटून पाहिली, तर एका बाजूला जे लाल ते दुसऱ्या बाजूला पांढरं. हे कसं होतं, हे विचारता विचारता डबा तसाच राहिला. पुढचे आठ-दहा दिवस ती तिथंच जात होती. एक वेल तिनं स्वतः काढली. मास्तरांनी ती तीनदा परत केली, तरी तिला कंटाळा आला नाही.

वडिलांना हे कळलं तेव्हा ते चिडले. त्यांचे चार माग होते, त्यांतले दोन बंद. "यातनं बाहेर पडावीस म्हणून शिकवायलोय, आणि तू परत इथंच येतीस?"

मुलीनं वही पुढं ठेवली. वडिलांनी आवडलेल्याचं पान सोडलं आणि समोरचं वाचायला घेतलं. मागाच्या खोलीत आवाजानं डोकं दुखतं. कापसाचा तंतू नाकात जातो. सूत महागलं की गिऱ्हाईक जुन्याच भावानं मागतं. मोठ्या ऑर्डरी यंत्रं नवी असलेल्यांकडे जातात. खाली तिनं वाटा लिहिल्या होत्या: बारावी विज्ञान, मग सीईटी देऊन इचलकरंजीसारख्या ठिकाणी वस्त्र अभियांत्रिकी, किंवा दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. टॉवेल बाहेर देशी जातात, गणवेश इतर राज्यांत. तिथं डिझाइन करणारा, रंग तपासणारा, दर्जा बघणारा माणूस लागतो. आणि शेवटी: गणितात कमी मार्क पडले तर पदविका.

वडील बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि न आवडलेल्याच्या पानावर आपल्या हातानं एक ओळ वाढवली: उधारी सहा सहा महिने अडकते.

"हेही धर," ते म्हणाले. "आता सांग, पदविकेला फी किती, आणि फॉर्म कधी निघतो?"