दिवाणखान्यातला चौक

हल्ली बोईसर-पालघरकडच्या नव्या श्रीमंत घरांत दिवाणखान्याची एखादी भिंत गेरूच्या रंगाची असते आणि तिच्यावर वारली चित्रे. दिसतात सुरेखच! पण पाड्यावर लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात. त्यात पालघट देवी बसते, धवलेरी गाते, तेव्हा कुठे लग्न लागते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदा-कापडावर उतरवून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाड्यांवर चार पैसेही आले. तेव्हा विकणाऱ्याला बोल कोण लावील? माझे विचारणे घेणाऱ्याला आहे. देवी सोफ्याशी जुळते म्हणून मांडायची आणि सोफा बदलला की पुसायची, हा अधिकार पैशाबरोबर येतो काय? वारलीही पीठ झडून जाऊ देतात म्हणा. पण लग्न पार पडल्यावर.